घरची खूण

हेमलताबाईंच्या यजमानांच्या श्वासयंत्राची बॅटरी संध्याकाळपर्यंतच पुरणार होती. ऑनलाइन दुकान तासाभरात नवी देतो म्हणत होतं, पण दुकान खरं कशावरून? त्यांनी मिरजेच्या नणंदेला फोन लावला. यंत्रं कुणाचाही हुबेहूब आवाज काढत, त्यामुळे नुसत्या आवाजावर हल्ली कोणी विसंबत नसे, म्हणून रिवाजाप्रमाणे आधी घरची, फक्त घरच्यांनाच ठाऊक असलेली, खूण विचारली.

“वन्सं, माझ्या लग्नात काय सांडलं होतं?”

“मठ्ठा. विहीणबाईंच्या शालूवर.”

बाईंनी बॅटरीचं आणि दुकानाचं सांगितलं.

“बॅटरी घ्या बिनधास्त, आमचीही तिथलीच आहे.”

बाईंनी पैसे भरले. तेवढ्यात बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं, तर बाहेर नणंद उभी होती.

“वहिनी, माझा फोन कालपासून बंद आहे, म्हणून स्वतःच आले.”

कडी न काढताच बाईंनी तीच खूण विचारली.

“चाळीस वर्षं झाली, वहिनी. आता कुठलं आठवायला?”

बाईंचा हात कडीवरच राहिला.