सहावा चमचा

नचिकेत साहेबांनी सहा जुने रशियन चांदीचे चमचे कुवेतमधल्या फरवानियातल्या एका दुकानात उजळायला दिले. तिथला कारागीर, हुपरीच्या गुरुप्रसादने, सवयीने काळं म्हणजे मळ समजून एक चमचा जाळावर धरला, आणि नक्षीत मुद्दाम भरलेलं काळं वितळून वाहून गेलं. दुकानाच्या मालकाला कळलं तर अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द होऊन घरी रवानगी ठरलेली. बाकीचे पाच नमुन्याला समोर ठेवून त्याने रेघा पुन्हा कोरल्या, काळं भरलं.

चमचे न्यायला आलेल्या साहेबांनी भिंग काढलं. त्यांनी नेमका तोच चमचा उचलला.

"पाच ठीकठाक आहेत रे. हा मात्र खऱ्या उस्तादाच्या हातचा. बिचाऱ्याचं नावसुद्धा नाही कुठे."



"जुनी माणसं नाव कुठे घालायची, साहेब," गुरुप्रसाद घाम पुसत म्हणाला.