यादीतलं नाव

"पार्तिना!" असं ओरडून मोजणी अधिकाऱ्याने मतपत्रिका उजेडाकडे धरली. मतदाराने खिळ्याने पाडलेल्या भोकातून ऊन आलं. भोक बरोबर नावावर होतं. "मान्य?"

"मान्य," तार्मुजी म्हणाला. भिंतीवरच्या मोठ्या कागदावर एक खूण वाढली.

तो पक्षाचा साक्षीदार होता, म्हणून शाळेच्या पडवीत पहिल्या बाकावर बसला होता. पार्तिना त्याची बायको. तिला जाऊन त्रेचाळीस दिवस झाले होते. नाव छापून झाल्यावर ती गेली, म्हणून मतपत्रिकेवर ते तसंच राहिलं होतं. सकाळी मतदान सुरू होण्याआधी अधिकाऱ्याने सगळ्यांना तसं सांगितलं होतं. त्या नावावर पडलेलं मत पक्षाला जाईल, पण त्या नावाने कुणी निवडून येणार नाही.

"पार्तिना! मान्य?"

"मान्य."

हे नाव गावात कुणी घेत नसे. गाव त्याला मानाने पाक तार्मुजी म्हणायचं आणि तिला बू तार्मुजी, म्हणजे तार्मुजीची बाई. तो स्वतः 'सितीची आई' म्हणायचा. आता ते नाव भर दुपारी शाळेच्या मैदानात मोठ्याने घेतलं जात होतं आणि त्याला काहीच होत नव्हतं. रडूही येत नव्हतं. समोरचा चहा निवून गेला होता.

तिला निवडणुकीला उभं केलं तेही त्यानेच. यादीत दर तीन नावांत एक बाई हवी होती. पक्षाचा गुनादी घरी येऊन म्हणाला, "वहिनींचं नाव दे रे. नुसतं यादीपुरतं." तार्मुजीने तिच्यापुढे कागद ठेवला. तिने सही केली. एक नंबरला गुनादी आणि त्याच्या खाली दोन नंबरला ती.

पण तिने ते खरंच मनावर घेतलं. दोन वर्षांपूर्वी गावात नळाची बैठक झाली होती, तेव्हा ती मागून उठून म्हणाली होती, "टेकडीखालून पाणी आम्ही आणतो. मग या बैठकीला आमच्यातली एकही का नाही?" पुरुष हसले होते. तार्मुजी म्हणाला होता, "बस खाली. चहाचं बघ." ती बसली होती. सही केल्यावर मात्र ती घरोघरी जायला लागली. तेव्हा तार्मुजी बाजारात लोकांना सांगायचा, "तिचं काय मनावर घेता? तिला यातलं काही कळत नाही. मत एक नंबरलाच द्या."

आणि एका सकाळी ती पाण्याच्या घागरीपाशीच कोसळली.

चाळिसाव्याच्या जेवणासाठी बायका त्याच्या अंगणात नारळ खवत बसल्या होत्या, तेव्हा गुनादीने त्याला पुढे केलं. तार्मुजी जाऊन बायकांसमोर उभा राहिला आणि शिकवल्यासारखं बोलला, "ती तर आता गेली. तिच्या नावावर मत वाया घालवू नका."

सोयाबीनच्या टेम्पे-वड्या विकणारी जुमिरा खवणीवरून उठलीसुद्धा नाही. "पाक तार्मुजी, ती होती तेव्हा म्हणालात, तिला काही कळत नाही, मत देऊ नका. आता म्हणता, ती मेली, मत देऊ नका. मग तिला मत द्यायचं तरी कधी?"

एक बाई खुदकन हसली. मग सगळ्या खाली बघून नारळ खवत राहिल्या.

"पार्तिना! मान्य?"

"मान्य."

लग्नात तिच्या बापाने त्याचा हात हातात घेतला होता. मौलवींनी साक्षीदारांना असंच विचारलं होतं, "मान्य?" आणि साक्षीदार असेच म्हणाले होते. ती तेव्हा आतल्या खोलीत बसलेली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

भिंतीवर पाच-पाच खुणांचे गठ्ठे होत गेले. गुनादीच्या नावापुढे चार गठ्ठे झाले. तिच्या नावापुढे अठरा. गुनादी मागून येऊन त्याच्या कानाशी पुटपुटला, "अरे, हरकत घे ना काहीतरी! दगड झालास का?" तार्मुजी जागचा हलला नाही. मैदानाच्या कडेला छत्र्या घेऊन बायका उभ्या होत्या. आता तिच्या प्रत्येक मताला त्याच्या आधी त्याच ओरडत होत्या, "मान्य!"

शेवटच्या दहाबारा पत्रिका राहिल्या. त्यातली एक अधिकाऱ्याने उजेडात धरली आणि तो थांबला. पुन्हा जवळून पाहिली.

"हे बघा, पाक. भोक रेघेवर आहे. वर गुनादी, खाली पार्तिना, मधोमध. कागदही फाटलाय, हात अडखळला असावा कुणाचा तरी. नियमाने हे नुसतं पक्षाला जातं." त्याने तार्मुजीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण थोडं खालीच झुकलंय. वहिनींच्या नावावर धरू का? तुमची हरकत नसेल तर कोण बोलणार आहे?"

"धरा!" जुमिरा कडेने ओरडली. "तिचंच आहे ते!"

"धरा, धरा!" बाकीच्या म्हणाल्या.

तार्मुजीने कागद हातात घेतला. त्याच्या करंगळीवर सकाळची शाई होती. भोकाच्या फाटलेल्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला.

"नाही," तो म्हणाला. "हे तिचं नाही."

"शेवटपर्यंत तसाच राहिला मेला!" जुमिरा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

त्याने कागद अधिकाऱ्याला परत दिला. सकाळी मतदानाच्या पडद्यामागे खिळा धरून तो खूप वेळ उभा होता, आणि एकतीस वर्षांच्या संसारानंतरही त्याचा हात तिच्या नावापर्यंत पोचला नव्हता, रेघेवरच अडला होता.