मनोरीची होडी

सामंत सरांनी दोन उत्तरपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, इतक्या त्या सारख्या होत्या.

“मागणीच्या लवचिकतेचं उत्तर दोघांचंही अडीच,” सर म्हणाले. “बरोबर उत्तर शून्य दशांश चार. भागाकार उलटा केला की अडीच येतं. उलटा भागाकार वर्गात वीसजण करतील, ते सोडा. पण पूरक वस्तूंचं उदाहरण? ‘मनोरीच्या होडीचं तिकीट वाढलं की तिथल्या कॉटेजची मागणी घटते.’ हेही दोघांना एकाच वेळी सुचलं?”

मानसी खाली बघत राहिली. सिद्धेशची पाचावर धारण बसली होती.

“सिद्धेश, मनोरीला गेलायस कधी?”

“हो सर. माझी मावशी राहते तिथे.”

मानसीने मान वर करून एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मावशी मानसीची होती. कॉटेजही त्याच मावशीची. सिद्धेशने मनोरी नकाशातसुद्धा पाहिली नव्हती. परीक्षेत त्याने शुक शुक केलं, मानसीने पुरवणी बाकाच्या कडेला सरकवली आणि या पठ्ठ्याने ती चुकीसकट उतरवून काढली. कॉपी करायलाही अक्कल लागते, ती त्या दिवशी रजेवर होती.

सर आता हातघाईवर येतील असं वाटत होतं. पण भाजी घेतानाही मनात मागणी-पुरवठ्याचे आलेख काढणारा हा माणूस. त्यांनी दोन कोरे कागद काढले.

“गेल्या आठवड्यात कैद्यांचा पेच शिकवला, गप्प राहायचं की साथीदाराचं नाव सांगायचं, तो. आठवतोय ना? वेगवेगळ्या खोलीत बसा. कॉपी कुणी केली ते लिहा. काही बोलायचं नसेल तर कागद कोरा ठेवा. दोघांचे कोरे आले तर दोघांना शून्य, विषय इथेच संपला. एकाने दुसऱ्याचं नाव लिहिलं तर लिहिणारा सुटला, दुसऱ्याचं वर्ष गेलं. दोघांनी एकमेकांची नावं लिहिलीत तर दोघांचं एक सत्र गेलं.”

मानसी काचेपलीकडच्या वाचनालयात जाऊन बसली. सिद्धेश अलीकडे, सरांच्या समोर.

शून्य परवडलं असतं. पुढच्या चाचणीत भरून निघालं असतं. वर्ष जाणं मात्र त्याला परवडणारं नव्हतं. त्याची फी गावच्या मुंबई मंडळाने उचलली होती आणि मंडळाची रीत अशी, की दर जूनमध्ये मुलाचा वर्तणुकीचा दाखला भर सभेत मोठ्याने वाचायचा. वर्ष गेलं, तर त्याचं कारणही त्यात येणार. भांडुपला एका सोसायटीत पंप चालवणारा त्याचा बाप गुणाजी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसायचा. गेल्या वर्षी तर उठून मुलाबद्दल म्हणाला होता, “माझो झील माका मान खाली घालूक लावचो नाय.”

कागद कोरा ठेवायचा. सिद्धेशने ठरवलं. मानसीही कोराच ठेवील. आपली मैत्रीण आहे.

मग त्याला कॅन्टीन आठवलं. पेच शिकून झाला त्याच दुपारी त्याने विचारलं होतं, “तू काय केलं असतंस गं, त्या कैद्याच्या जागी?”

“समोर कोण आहे त्यावर आहे रे,” ती म्हणाली होती. “तो काय सांगणार ते कळलं ना, की आपण काय सांगायचं ते ठरतं.”

“दोस्त असला तरी?”

“दोस्त असला तर आणखी लवकर कळतं.”

तेव्हा तो हसला होता. आता त्याने काचेतून पाहिलं. मानसीने पेनाचं टोपण काढलं होतं. ती लिहीत होती. फार नाही, दोन ओळी. मिनिटही लागलं नाही. तिने कागदाची घडी घातली, टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

सिद्धेशने स्वतःचा कोरा कागद जवळ ओढला. गप्प राहायचं तर पेन कशाला उघडलं? दाखल्याची रीत तिला माहीत होती. मंडळाचं पत्र तिने स्वतः दोनदा वाचलं होतं. आणि तरीही लिहिलं! त्याला तिचा संताप आला, आणि संताप आला की लाज बरी दबते. हिचा बाप वकील, आई बँकेत. एक वर्ष गेलं तर यांच्या घरात कुठे आभाळ कोसळणार आहे? तिने सुरुवात केली, मग आपण का मरायचं?

त्याने लिहिलं, ‘मानसीने माझ्या पेपरातून कॉपी केली.’ घाईत ‘माझ्या’वरची शाई फिसकटली.

सरांनी त्याचा कागद वाचला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग ते वाचनालयात जाऊन मानसीचा कागद घेऊन आले, उभ्या उभ्याच उघडला आणि चष्मा काढून खुर्चीत बसले.

“वीस वर्षं हा पेच शिकवतोय,” ते म्हणाले. “कमाल आहे. पुन्हा तुम्हा दोघांचं उत्तर एकच.”

म्हणजे तिने माझंच नाव लिहिलं. एक सत्र गेलं. सिद्धेशला सगळ्यात आधी वाटलं ते हेच, की आपला अंदाज खरा ठरला.

“एकच म्हणजे, सर?”

सरांनी कागद त्याच्याकडे फिरवला. मानसीचं अक्षर नेहमीसारखं सुबक होतं.

‘मी सिद्धेशच्या पेपरातून कॉपी केली. मनोरीला त्याची मावशी राहते.’