कापूस भरलेला कोट

“कंदील नको. मला कोट करायचाय,” श्याओमान म्हणाली.

टेबलाभोवती पोरांची झुंबड उडाली होती. लाल कागदाशी झटापट चालली होती. कुणाच्या कंदिलाचा ससा झाला होता, कुणाचा नुसताच लगदा. कागदकाम शिकवणारी काकू हसली. “सण कंदिलांचा आणि या बाईसाहेबांना कोट हवा! कर बाई, कर.” सात वर्षांच्या श्याओमानने निळा कागद ओढून घेतला आणि ती ओठाच्या कोपऱ्यातून जीभ काढून कात्री चालवायला लागली.

तिच्या मागे तिचा बाप उभा होता, ग्वांगलिन. जत्रेत त्याचं चित्त नव्हतं. श्याओमानची आई श्यूमेई शरदातच गेली होती. दोघं नवराबायको लांब दक्षिणेत एका शिवणकारखान्यात कामाला होती. तिला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि ग्वांगलिन तिची राख घेऊन गावी आला. तेव्हा पोरीला आत्याकडे धाडलं होतं. आईला सुटी मिळत नाही, असं तिला सांगितलं गेलं आणि बाप पुन्हा कामावर गेला.

हे खोटं त्याच्या सासूच्या, श्याओमानच्या आजीच्या, डोक्यातून निघालं होतं. “नव्या वर्षाचा सण तरी लेकरू हसून करू दे,” ती म्हणाली होती. श्यूमेई तिच्या पोटची लेक. घरात माणूस गेलेलं असलं की त्या वर्षी दारावर सणाचा लाल कागद लावत नाहीत. म्हातारीने तो स्वतःच्या हाताने चिकटवला आणि शेजारणींचे टोमणे मुकाट ऐकून घेतले. पोरीदेखत ती रोज लेकीच्या गप्पा मारायची. मग कोळसा आणायला म्हणून परसात जायची आणि तोंडात बाही कोंबून रडायची.

आज सणाचा शेवटचा दिवस. सणापुरत्या आलेल्या ग्वांगलिनला उद्या पुन्हा कामावर निघायचं होतं. आज सांगायलाच हवं होतं. सकाळपासून तो सांगण्यासाठी तोंड उघडायचा आणि दर वेळी पोरीला साखरेच्या पाकातली फळं घेऊन द्यायचा. तिचे हात चिकट झाले होते, पण त्याची जीभ काही रेटत नव्हती.

“कुणासाठी गं एवढा थाटाचा कोट?” शेजारी उभ्या आजीने विचारलं.

“आईसाठी.”

म्हातारी जरा जास्तच मोठ्याने हसली. “अगं वेडे, तिकडे कुठली आलीय थंडी! तुझी आई अर्ध्या बाहीत हिंडत असेल. पण दे हो, टपालाने पाठवून देऊ. अशी नाचेल ना घालून!”

“हो आजी, नाचेल,” श्याओमान शहाण्यासारखी म्हणाली आणि तिने आजीचा हात थोपटला.

म्हातारीला ते सोसलं नाही. “तांदळाच्या गोड गोळ्यांचं गरम सूप आणते तुमच्यासाठी,” असं म्हणत ती घाईघाईने गर्दीत शिरली.

ती गेल्यावर श्याओमानने काकूकडे कापूस मागितला. कागदाच्या दोन थरांमध्ये तो हलक्या हाताने पसरला आणि कडा चिकटवल्या. काकूचं हसू मावळलं. तिने ग्वांगलिनकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

थंडीच्या तोंडावर असे कोट गावात घरोघर होतात. चौरस्त्यावर नेऊन ते जाळतात, म्हणजे गेलेल्या माणसाला मिळतात. जिवंत माणसासाठी कागदाच्या कोटात कापूस कुणी भरत नाही.

ग्वांगलिन तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. “श्याओमान, तुला... तुला कुणी सांगितलं?”

“शाळेतली पोरं बोलतात ना,” ती कोटाला बटणं चिकटवत म्हणाली. “मला थंडीच्या आधीच कळलं होतं. पण तेव्हा तू नव्हतास, आणि आजी मला आगपेटीला हात लावू देत नाही.”

म्हणजे इतके महिने ही एवढीशी पोर सगळं पोटात ठेवून होती. सणाला हसली, नवे कपडे घालून मिरवली, आईबद्दलच्या खोट्या गप्पांना हो म्हणत राहिली. ग्वांगलिनचं काळीज फाटलं. त्याने तिला छातीशी धरलं आणि भर जत्रेत तो ढसाढसा रडू लागला.

श्याओमानने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. दोन हातांत दोन वाफाळते वाडगे सांभाळत, लोकांना बाजूला सारत म्हातारी येत होती. लांबूनच त्यांच्याकडे बघून हसत होती.

श्याओमानने झटकन कोट बापाच्या खिशात कोंबला.

“बाबा, डोळे पूस ना लवकर,” ती कुजबुजली. “आई गेली हे आजीला अजून माहीत नाही.”