निळी पट्टी

रिसॉर्टवाल्यांनी लास कान्यासच्या अख्ख्या किनाऱ्याला कुंपण घातलं आणि फाटकावर गावातल्याच राडामेसला उभं केलं. चेहरे बघायचे नाहीत, मनगटं बघायची. पाहुण्यांची निळी पट्टी असेल त्यालाच आत सोडायचं.

त्याचा बाप एलिजियो मासेमारी करायचा. त्याची होडी कुंपणापलीकडच्या वाळूवर. रोज सकाळी तो फाटकाशी यायचा.

"याच वाळूवर चालायला शिकवलं तुला. आता मलाच अडवतोस, साहेब?"

"पट्टी नाही तर आत नाही, बाबा. माझी नोकरी घालवता का?"

एक दिवस म्हातारा चिडून खडकांवरून वळसा घालून होडीकडे निघाला. लाटेने ओढलं. इस्पितळात दोन दिवस तडफडला आणि गेला. रिसॉर्टने राडामेसला दफनापुरती अर्ध्या दिवसाची रजा दिली.

दफनानंतर नवव्या दिवशी घरी बापासाठी नऊ दिवसांच्या प्रार्थनांतली शेवटची प्रार्थना चालली होती आणि राडामेस फाटकावर मनगटं बघत होता. पाहुण्यांच्या रांगेतून एक ओलं, सुरकुतलेलं मनगट पुढे आलं. त्यावर पट्टी होती, पण पांढरी. इस्पितळाची. तिच्यावर बापाचं नाव होतं.



"आता तरी सोडशील ना, पोरा?"