साठ किलोचे बाबा

वजनांचा दांडा जमिनीवरून बोटभर उचलला गेला आणि परत खाली आदळला. चष्मेवालीने हात झटकले, पुन्हा वाकली, पुन्हा जोर लावला. या खेपेला बोटभरही नाही.

"बास," कोचताई म्हणाली. "पंचावन्नच आहे हे. दोन महिन्यांपूर्वी तू साठ उचलत होतीस."

चष्मेवालीला स्वतःला चष्मा नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची, म्हणून व्यायामशाळेत तिला हे नाव पडलं होतं. बाकीच्या बायका कंबर कमी करायला यायच्या. ही आली ती बाबांना उचलायला. आठ महिन्यांपूर्वी आजारपणात बाबांचे पाय गेले. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवताना तिचा तोल गेला, आणि बापलेक दोघंही फरशीवर. शेजाऱ्यांनी येऊन उचललं. संध्याकाळी दादाचा फोन आला. "तुला झेपायचं नाही गं. त्यांना एखाद्या संस्थेत ठेवू, तिथं माणसं असतात." दादा वाईट नव्हता, फक्त लांब होता. बाबा पलंगावरून सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याचा कागद कोचताईपुढे धरला. त्यावर बाबांचं वजन लिहिलेलं होतं, साठ किलो. "मला एवढं उचलता आलं पाहिजे," ती म्हणाली होती.

"सकाळी काय खाल्लंस?" ताईने विचारलं.

"चहा."

"आणि?"

"साखर होती त्यात."

ताई हसली नाही. "आठवड्याचे सहा दिवस येतेस. मी रविवारी कुलूप लावते म्हणून बरं, नाहीतर सातवाही सोडला नसतास. अगं, अंगात ताकद इथं येत नाही. इथं ती खर्च होते. येते ती जेवल्यावर आणि झोपल्यावर. तू दोन्हींना फाटा दिलायस."

हे तिने दहादा ऐकलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. तिला वेळ कुठे होता? बाबांची अंघोळ, बाबांचं ताट, मग व्यायाम, मग दुकान, मग परत बाबा. आणि एक दिवस सुट्टी घेतली, अंग ढिलं पडलं, पुन्हा एकदा बाबा हातातून सुटले, तर दादा गाडी घेऊन दारात हजर. ही भीती तिच्या पोटात जेवणापेक्षा जास्त जागा अडवून बसली होती. शिवाय तिच्याकडे पुरावाही होता.

"इथं जमत नसेल ताई, पण घरी येऊन बघा. सुरुवातीला बाबांना उचलताना मला धाप लागायची. आता अलगद उचलते. दर आठवड्याला आणखी हलके वाटतात."

ताई दांड्याच्या प्लेटा काढत होती. तिचा हात थांबला.

"या प्लेटांवर वजन कोरलेलं असतं," ती म्हणाली. "बाबांचं शेवटचं कधी केलंस?"

चष्मेवालीला दवाखान्याचा तो कागद आठवला. ताईने कोपऱ्यातला वजनकाटा उचलून तिच्या हातात दिला.

ती दुकानात न जाता थेट घरी आली. या वेळी ती कधीच घरी नसायची. बाबा नेहमीच्या स्वेटरमध्ये खिडकीशी खुर्चीत बसले होते. सकाळचं ताट मांडीवर होतं, आणि खिडकीत बसलेलं शेजाऱ्यांचं मांजर त्यांच्या हातून अंड्याचा तुकडा खात होतं. मांजर चांगलं गरगरीत झालं होतं. तिला बघताच बाबांनी हात मागे घेतला.

काटा जमिनीवर ठेवून ती आधी एकटी उभी राहिली. एक्कावन्न. तिचं स्वतःचंही पाच किलो गळालं होतं. मग तिने एक हात बाबांच्या पाठीमागे घातला, एक गुडघ्यांखाली, आणि त्यांना घेऊन पुन्हा काट्यावर चढली. तिला खालचा आकडा दिसेना.

"किती?"

बाबांनी मान वळवून पाहिलं. म्हणाले, "अठ्ठ्याण्णव."

वजाबाकी सोपी होती: सत्तेचाळीस. तेरा किलो बाबा कमी भरले होते. ती रोज सकाळ-संध्याकाळ या माणसाला कवेत घेत होती, आणि स्वेटरच्या आत तो आटत चाललाय हे जगाचे नंबर तपासणाऱ्या बाईला दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने त्यांना पलंगावर बसवलं. राग आलाय की रडू, हे तिचं तिलाच कळेना.

"उपाशी राहून मरायचंय का तुम्हाला? हे सगळं मी कुणासाठी करतेय, बाबा?"

"मरायचं कशाला? मला इथंच राहायचंय, तुझ्याजवळ." बाबांनी तिचा हात धरून ठेवला. चाळीस वर्षं त्यांनी गोदामात पोती वाहिली होती, आणि त्या कामातलं काही सांगताना त्यांचा आवाज अजूनही खणखणीत व्हायचा. "मला उचलताना तुझे हात लटपटायचे. उपाशीपोटी जायचीस, उपाशीपोटी यायचीस. पोरी, हमाल थकला की उपाय दोनच. पोतं हलकं करायचं, नाहीतर त्याला घटकाभर खाली बसवायचं. रोज म्हणायचो, दोन घास खा, आज राहू दे, पड जरा. तू काही बसली नाहीस."