जयवंतीचा पास

शनिवारी संध्याकाळी सहाला आगाशीच्या पत्ते मंडळात ब्रिजच्या डावाला नरहरींनी बोली लावली, "वन नोट्रंप."

त्यांची जोडीदार म्हणून समोर बसलेल्या जयवंतीने आपली पानं पुन्हा मोजली. हुकमाविना खेळायच्या या बोलीचा अर्थ एकच, नवऱ्याच्या हातात एक्के-राजे धरून निदान पंधरा गुणांची पानं आहेत. तिच्याकडे अकरा होते. दोघांचे मिळून सव्वीस; डोळे मिटून 'थ्री नोट्रंप' म्हणायचं, नऊ हात उचलायचे, की गेमचं बक्षीस घरात. पण गेल्या आठवड्यात घरी सराव करताना हीच बोली लागली आणि हातात निघाले होते जेमतेम दोन गुलाम, म्हणजे दोनच गुण. तेव्हा दोघांनी पानं आवरून ठेवली होती. आज बोली वर नेली आणि पानं तशीच निघाली, तर साऱ्या मंडळाला कळेल की नरहरींना आता आठवत नाही.

"वहिनी, जाग्या आहात ना?" बाजूला बसलेल्या कृष्णाभाऊंनी टोमणा मारला.

"पास."

बाकीच्यांनीही पास दिला; आता दोघांची पानं नरहरींनीच खेळायची, म्हणून तिने आपली पानं टेबलावर उघडी मांडली. नरहरींनी आधी पानांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नंतर एकही चूक न करता त्यांनी दहा हात उचलले.

"अहो, हा तर सरळ गेम होता! वहिनींनी पास कसा दिला?" कृष्णाभाऊ म्हणाले.

जयवंती पाणी प्यायला उठली. पाठीमागून नवऱ्याचा दबका आवाज आला.

"हिचं हल्ली असंच होतं, कृष्णाभाऊ. कुणाला बोलू नका. मी सांभाळून घेतोय."

माठापाशी जयवंती तशीच उभी राहिली. ते दोन गुलाम नक्की कुणाच्या हातात निघाले होते, ते तिला आठवेना.